आखरावरची पाहुणी

हिरडाटोल्याच्या कवडू नेवाऱ्याला गप्प करायचं तर एकच उपाय होता, तो झोपेपर्यंत वाट पाहायची. जागा असला की त्याचं तोंड चालू. समोर माणूस नसला तर बैलाशी बोलायचा, बैल नसला तर पळसाच्या झाडाशी, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून त्याचं कधी काही अडलं नाही.

कवडू टोल्याचा गायकी, म्हणजे गुराखी. देवरीच्या बाजूला रानाला लागून जे लहान लहान टोले, म्हणजे वाड्या, आहेत, तिथं घरोघरची गुरं सकाळी एका मोकळ्या जागेवर आणून सोडतात. त्या जागेला आखर म्हणतात. तिथून पुढं गुरं गायक्याची. त्यानं ती दिवसभर रानात चारायची, पाणी पाजायचं आणि दिवेलागणीच्या आत परत आणायची. कवडूचा आजा गायकी होता, बाप गायकी होता, आणि कवडू तर, त्याच्या स्वतःच्या मते, साऱ्या मुलखात एकटाच होता.

“अकरा वर्सं झाली, वाघाले एक ढोर नाई जाऊ देल्लं म्या,” हे तो बसल्या बैठकीला दोनदा तरी सांगायचा.

“अन् ती कानतुटी कालवड?” त्याची बायको रुख्मा चुलीपासून विचारायची.

“तिले सरपानं डसलं. सरप का वाघ हाये?”

रुख्मा पुढं बोलायची नाही. ती मुळातच कमी बोलायची. नवऱ्यानं दोघांच्या वाटणीचं बोलून टाकल्यावर तिच्यासाठी उरत तरी काय होतं!

त्रेपन्न सालच्या वैशाखातली गोष्ट. दुपारच्या उन्हात कळप झाडाखाली बसला होता आणि कवडू एका गोऱ्ह्याला काहीतरी समजावून सांगत होता. एवढ्यात झुडपातून तांबूस रंगाचं एक पिल्लू धडपडत आलं आणि थेट गुरांच्या मधोमध घुसलं. मागं रानकुत्र्यांची केकाटी ऐकू येत होती. कवडूनं काठी आपटली, आरोळ्या ठोकल्या, कुत्रे पांगले. मग त्यानं वळून पाहिलं तर ते रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, पिल्लू. पुढून उंच, मागून ठेंगणं, खुरांच्या वर पांढरी कडी. त्याची आई बहुतेक कुत्र्यांनीच धरली असावी. पिल्लू सुमित्राबाईंच्या चांदी गाईच्या पोटाखाली उभं होतं आणि लटलट कापत होतं.

चांदीचं वासरू चार दिवसांपूर्वीच दगावलं होतं. तेव्हापासून ती कोणाला अंगाला हात लावू देत नव्हती. कवडूला वाटलं, आता ही पिल्लाला लाथेनं उडवणार. चांदीनं मान वळवून हुंगलं, दोनदा फुरफुर केली आणि त्याला चाटायला लागली.

संध्याकाळी आखरावर कवडूनं गुरं मोजली. एक जास्त भरलं. गायक्याचा सारा जन्म एक ढोर कमी भरेल या धाकात जातो. जास्त भरलं तर काय करायचं, हे ना आज्यानं शिकवलं होतं, ना बापानं.

सुमित्राबाई म्हणजे टोल्यातल्या थोर पोवार घरच्या विधवा. धानाच्या चार बांध्या, दोन जोड्या बैल आणि एक जीभ, यातली जीभ सर्वांत धारदार. दारात चांदीच्या मागं ते लांब तंगड्यांचं पिल्लू पाहून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“हे काय घेऊन आला गा, कवडू?”

“म्या नाई आनलं जी. हेच आलं.”

“मंग कोन समजू इले?”

“पाहुणी समजा,” कवडू म्हणाला.

सकाळी सुमित्राबाई भांडं घेऊन बसल्या. पाहुणी शेजारी उभी होती, आणि चार दिवस आटलेल्या चांदीनं पान्हा सोडला. मग काय! बाईंनी अर्धं दूध भांड्यात घेतलं, अर्धं पाहुणीला सोडलं, आणि वर शेजारणीला सुनावलं की पाहुणा असा असावा, येताना दूध घेऊन यावं.

अशी पाहुणी राहिली. वर्षभरात ती उंचीनं चांदीच्या वर गेली. सकाळी आखरावर सगळ्यांच्या आधी हजर, दिवसभर कळपात, संध्याकाळी परत. गळ्याला दोर तिनं कधी लावून घेतला नाही आणि कोणी लावलाही नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर ती उभी राहायची आणि सगळ्यांचं लक्ष अक्षतांकडे असताना तोरणाची आंब्याची पानं खाऊन टाकायची. तिनं तोरण खाल्लं म्हणजे संसार नीट होतो, असं बायकांनी ठरवून टाकलं. टोल्याबाहेरच्या मोठ्या सडकेवर ती रवंथ करत उभी राहिली की देवरीची मोटार थांबायची. ड्रायव्हर भोंगा वाजवायचा नाही, कंडक्टर खाली उतरून मुरमुरे द्यायचा, आणि प्रवासी खिडकीतून मान काढून विचारायचे, “यही है क्या वो पाहुणी?” लांबलांबचे लोक टोल्याला ‘पाहुणीचा टोला’ म्हणायला लागले. मधल्या काळात तो टोला मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. पाहुणीला ते कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर टोल्यालाही फारसं नाही.

कवडूला तर आता बोलायला जन्मभराचा विषय मिळाला. देवरीच्या बाजारात चहाच्या टपरीवर तो ‘माही पाहुणी’ म्हणून सुरू व्हायचा. पहिल्या वर्षी रानकुत्रे चार होते. दुसऱ्या वर्षी नऊ झाले. तिसऱ्या वर्षी त्यांच्यात एक वाघ सामील झाला, आणि कवडूनं त्याला काठीनं हाकललं.

“वाघ अन् कुत्रे एकत्र?” कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, “माही पाहुणी हाये ती. तिच्यासाठी कोनीही एकत्र येईल.”

साऱ्या टोल्यात एकाच माणसाला पाहुणी आवडत नव्हती, ते म्हणजे केशोराव पाटील. त्याला कारणही होतं. रोह्याची एक खोड असते, ते रोज ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतं. रानात त्याचा ढीग होतो. पाहुणीनं त्यासाठी जी जागा निवडली होती, ती केशोरावांच्या खळ्याचा ऐन मध्य. धान मळायची सारवलेली स्वच्छ जमीन, आणि ही बया रोज सकाळी आखरावर जाण्याआधी तिथं न चुकता हजेरी लावायची. काटे लावले, ती उडी मारून गेली. गडी बसवला, ती त्याच्याकडे शांतपणे पाहत आपलं काम उरकून गेली. केशोराव रीतभात पाळणारे कडक गृहस्थ. लोक समोर हसत नव्हते, पण खळ्यावरून जाताना सगळ्यांच्याच मिशा हलायच्या, आणि ते केशोरावांना दिसायचं.

सत्तावन्न सालच्या कोजागिरीनंतर पाहुणीनं आणखी एक उद्योग केला. केशोरावांच्या नदीकाठच्या बांधीतलं धान लोंबीवर आलं होतं. कवडू चिंचेखाली कोणा वाटसरूला वाघाची गोष्ट सांगत बसला होता, त्या वेळात पाहुणी बांधीत शिरली आणि एक कोपरा साफ करून आली.

केशोरावांनी त्याच संध्याकाळी चावडीवर टोला गोळा केला. चार वर्षांचा राग होता, पण ते ओरडले नाहीत.

“कवडू, सरळ सांग. ते जनावर तुह्या राखनीत हाये का नाई? असंल तर बांधीची भरपाई तुही, अन् येत्या अक्तीपासून आखर बुधरामच्या हवाली. शेजारच्या टोल्याचा बुधराम तयारच हाये. नसंल, तर ते रानचं जनावर. मंग त्याचं काय करायचं ते मी पाहीन. गोंदियाचे चुन्नीलाल शेठ भाऊबीजेले माह्या घरी येऊन राहिले. बंदूक घेऊनच येतात.”

अक्षय तृतीयेला, म्हणजे अक्तीला, गायक्याचं नवं वर्ष सुरू होतं. आखर गेला म्हणजे कवडूचं सगळंच गेलं. आज्याचं, बापाचं, आणि त्याला जे एकच काम येत होतं ते. सगळे त्याच्याकडे पाहत होते. कवडूनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“नाई जी,” तो म्हणाला. “माही नाई. रानची हाये.”

सुमित्राबाई उठल्या आणि काही न बोलता घरी गेल्या. त्या काही न बोलता गेल्या, हेच लोकांना जास्त लागलं.

रुख्मानं त्या रात्री भात वाढला, वरण वाढलं. कवडूचं जेवण झाल्यावर मग म्हणाली, “चार वर्सं माही माही करून लोकाइचे कान किटवले. इचारलं तवा तोंडात बोळा बसला?”

“आखर गेला असता ना वो!”

“हो. गेला असता,” रुख्मा म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

कवडूनं ठरवलं, पाहुणीला लांब रानात नेऊन सोडायचं. जिथं बंदूक पोचणार नाही तिथं. धनतेरसच्या दिवशी त्यानं कळप नातलगाच्या हवाली केला आणि तो पाहुणीला घेऊन निघाला. ती मागं मागं आली, तिला काय, सहलच. वाघनदीच्या पलीकडे, दाट सागवानात, त्यानं तिला हाकलायला सुरुवात केली. ओरडला. काठी उगारली. ढेकळं फेकली. पाहुणीला तो खेळ वाटला; ती चार उड्या मारून लांब जायची आणि कान टवकारून पुढच्या ढेकळाची वाट पाहायची. एक ढेकूळ तिच्या बरगडीवर जोरात बसलं. मग मात्र ती थांबली. त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. कवडू मटकन खाली बसला आणि रडला, अगदी नाक वाहीपर्यंत रडला. डोळे पुसून पाहिलं तेव्हा ती गेली होती.

तो पाय ओढत टोल्यात परतला तेव्हा सूर्य मावळतीला होता. पाहुणी आखरावर चांदीशेजारी बसून रवंथ करत होती. वाटेत केशोरावांच्या खळ्यावर जाऊनही आली होती. कवडूला इतका आनंद झाला की त्याला स्वतःचीच भीती वाटली. भाऊबीज चार दिवसांवर होती.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी गायगोधन. हा दिवस गुरांचा आणि गायक्याचा. पहाटेपासून शिंगं गेरूनं रंगवली जात होती, गळ्यात झेंडूच्या माळा पडत होत्या, डफ वाजत होता. आखराच्या मधोमध शेणाचं गोधन मांडलं होतं, त्यावर झेंडू आणि धानाची लोंबी. हिरडाटोल्याची रीत अशी, की अंघोळ करून, बापाची काठी हातात धरून गायक्यानं गोधनाशी उभं राहायचं. एकेक ढोर गोधन ओलांडून येईल तसं त्यानं मालकाचं नाव घेऊन त्याला पुकारायचं. मालकानं पुढं येऊन कुंकू लावायचं, सुपातली खिचडी चारायची, आणि ढोराच्या तोंडची उरलेली खिचडी प्रसाद म्हणून घरच्यांनी खायची. आखरावरचं शेवटचं ढोर जेवेपर्यंत टोल्यात कोणी अन्नाला शिवत नाही. आणि त्या काठीला धरून गायकी खोटं पुकारत नाही.

कवडू पुकारत होता. आवाज त्याचा खणखणीत, पण आज आजूबाजूची टिंगल नव्हती. “केशोराव पाटलाचा मोती!” केशोराव सहकुटुंब पुढं आले, मोतीला चारलं, प्रसाद घेतला. अशी एकेक करत सारी गुरं झाली. शेवटी चांदी. “सुमित्राबाईची चांदी!”

चांदीच्या मागं पाहुणी होती. चांदीनं गोधन ओलांडलं. पाहुणी डफाला बुजून अलीकडेच थांबली. शिंगांना गेरू नाही, कारण शिंगंच नाहीत. गळ्यात माळ नाही.

लोकांनी नजरा फिरवल्या. कवडूनं आता काठी खाली ठेवली की झालं. ती ओलांडून आलीच नव्हती. त्याला कोणी काही विचारणार नव्हतं. केशोरावांनी पागोटं सारखं केलं आणि ते घराकडे वळायला लागले.

“डफ बंद करा,” कवडू म्हणाला.

डफ थांबला. पाहुणीनं पुढचा पाय उचलला, खाली ठेवला, मान ताणून गोधनावरची लोंबी आधी खाऊन टाकली, आणि मग आरामात ओलांडून पलीकडे आली.

कवडूनं श्वास घेतला. “कवडू नेवाऱ्याची पाहुणी!”

तीन पिढ्या नेवारे त्या जागी उभे राहून टोल्याची गुरं पुकारत आले होते. त्यांच्या दावणीला कधी शेळीसुद्धा नव्हती. त्यांचं स्वतःचं नाव त्या पुकाऱ्यात आजवर आलं नव्हतं.

केशोराव वळले. “काय म्हनला?”

“ऐकलं ते खरं हाये जी. त्या दिवशी मी खोटं बोललो. भेलो होतो. बांधीची भरपाई माही. घरात धान नाई, पन होळीपर्यंत तुमचं लाखोरीचं पीक मी राखीन, एक शेंग जाऊ नाई द्यायचा. अक्तीले आखर काढून घ्या, तेही कबूल. पन ढोर माहं हाये.”

एवढं बोलून कवडू थांबला. इतक्या कमी शब्दांत थांबलेला कवडू टोल्यानं प्रथमच पाहिला.

“मालक झाला ना गा?” सुमित्राबाईंचा आवाज आला. “मंग खिचडी कोठी हाये?”

सगळ्यांनी रुख्माकडे पाहिलं. गायगोधनाला घराघरातून गायक्याला ताट येतं, म्हणून त्याच्या घरची चूल त्या दिवशी पेटतच नाही. रुख्माच्या हातात काही नव्हतं. सुमित्राबाईंनी आपलं सूप पुढं केलं. “घे, यातली चार.”

“नाई बाई,” रुख्मा म्हणाली. “आमच्या ढोराले आमच्याच चुलीवरची.”

आणि ती चूल पेटवायला घरी निघून गेली.

शेवटचं ढोर जेवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, तेव्हा सारा टोला थांबला. ऊन चढलं. बसणारे चिंचेखाली बसले. कोणाच्या तरी पोटात इतक्या मोठ्यानं गुरगुरलं की शेजारचा बैल दचकला. केशोराव पहाटेपासून उपाशी होते. ही रोही ढोरांत धरायचीच नाही, असं म्हणून त्यांना घरी जाता आलं असतं. पण गायक्यानं काठी धरून पुकारलं होतं, आणि जन्मभर साऱ्या टोल्याला रीत शिकवलेला माणूस आज ती मोडणार कसा? ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे राहिले.

“लाकडं ओली हायेत म्हन्ते,” कोणी तरी बातमी आणली.

“माह्या घरून सुकी न्या, बाप्पा!” केशोराव ओरडले, आणि पहिल्यांदा लोक त्यांच्या तोंडावर हसले.

शेवटी रुख्मा आली. पदर घट्ट खोचलेला, डोळे धुरानं लाल, हातात पळसाच्या पानांची पत्रावळ आणि तिच्यावर वाफाळती खिचडी. तिनं पाहुणीच्या कपाळाला कुंकू लावलं. कवडूनं पत्रावळ धरली. पाहुणीनं नाक घातलं, चटका बसला, आणि अशी जोरात शिंकली की निम्मी शितं केशोरावांच्या धोतरावर गेली. पोरंटोरं, बायाबापड्या, सगळे पोट धरून हसायला लागले. रुख्मानं पदरानं वारा घातला. मग पाहुणी जेवली, सावकाश, वेळ कोणाचा जातो याची काळजी न करता.

तळाला थोडी खिचडी उरली. रुख्मानं त्यातला एक घास कवडूच्या हातावर ठेवला. त्यानं तो तोंडात घातला. सगळे त्याच्या बोलण्याची वाट पाहत होते, पण त्याला बोलता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो नुसता चावत होता.

हा प्रसाद फक्त घरच्यांचा. तरी सुमित्राबाईंनी हात पुढं केला. “चांदीच्या दुधावर वाढली ते. मी काऊन परकी?” रुख्मानं त्यांना घास दिला. मग आणखी कोणी हात केला, मग आणखी कोणी. वाटता वाटता रुख्मा केशोरावांपुढं आली आणि थांबली.

ज्या ढोराच्या तोंडचं खाल्लं त्याच्यावर बंदूक उचलता येत नाही, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. ते केशोरावांइतकं चांगलं तर कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी पाहुणीकडे पाहिलं. मग धोतरावरच्या शितांकडे पाहिलं. मग त्यांनी तळहात पुढं केला.

रुख्मानं त्यावर सगळ्यांपेक्षा मोठा घास ठेवला.

“मीठ कमी हाये,” केशोराव म्हणाले, आणि हात चाटूनपुसून साफ केला.